दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठी

घोडेगावात मी दवाखाना सुरू केला तो नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. पेशंटने स्वतः डॉक्टरकडे यायचं असतं, हे लोकांना समजावून सांगावं लागेल असं तेव्हा मला वाटलं नव्हतं. शिनोलीच्या पुढे भीमाशंकरच्या रस्त्याला डोंगरात ज्या वाड्या आहेत, तिथल्या माणसांना एसटीच्या फाट्यापर्यंत यायलाच तास-दीड तास चालावं लागायचं. त्यामुळे बाजाराच्या दिवशी वाडीतलं कोणीतरी एक जण खाली उतरायचं आणि मीठ, तेल, चपला यांच्याबरोबर सगळ्यांची औषधं घेऊन जायचं. दुखणी अर्थातच तोंडी आणायचं.

अशा एका वाडीची दुखणी आणायच्या त्या मावशी. पहिल्या दिवशी त्या माझ्यासमोर स्टुलावर बसल्या, पदर सावरला आणि एकदम खोकायलाच लागल्या. कोरडा, खालून खरवडून काढल्यासारखा खोकला. मी स्टेथोस्कोप कानाला लावून पुढे झाले, तर त्यांनी हात आडवा धरला.

"माजा न्हाई बाई. ह्यो आमच्या खालच्या घरातल्या म्हाताऱ्याचा. आता त्याच्या नातीचा दावते."

आणि त्यांनी नातीचा खोकला दाखवला. तो ओला होता आणि त्याच्या शेवटी बारीक शिट्टी वाजत होती.

मी चिडले. मी मुळातच चिडकी आहे आणि तेव्हा तर नुकतीच शिकून आलेली होते. हा दवाखाना आहे, नाटकाचं थिएटर नाही, असं काहीतरी मी बोलले. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग तिसऱ्याच कोणाचं तरी लंगडणं उभं राहून दाखवलं. पण ती शिट्टी माझ्या डोक्यातून जाईना. पुढच्या बाजाराला मी त्या नातीला घेऊन यायला लावलं, तपासलं, तर खरोखर दमा निघाला. त्यानंतर मी मावशींना ओरडायचं सोडलं नाही, पण त्यांच्या नकला मात्र कान देऊन ऐकायला लागले.

त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. सगळ्यांचे केसपेपर त्या कमरेच्या कापडी पिशवीत ठेवायच्या आणि प्रत्येकाच्या कागदाची घडी वेगळी. म्हाताऱ्याचा चौघडी, नातीचा तिकोनी, मोठ्या जावेचा सुरळी करून दोरा बांधलेला. कोणाचा कागद कोणता यात त्यांची एकदाही चूक झाली नाही. उलट आमच्या कंपाउंडरभाऊंची दोनदा झाली.

"आणि तुमचा कागद कुठाय?" मी एकदा विचारलं.

"मला काय धाड भरलीय!" मावशी म्हणाल्या.

कधीकधी त्यांच्याबरोबर एक तरणाताठा मुलगा असायचा. तांदळाचं नाहीतर हिरड्याचं पोतं उतरवून, बाहेरूनच हाक मारायचा, "काकी, चल, गाडी सुटंल." मावशी मात्र त्याचा उल्लेख 'माझा लेक' असा करायच्या. मला नसत्या चौकशांची सवय आहे, पण याची चौकशी मी केली नाही. एकत्र कुटुंबात मुलं आपल्या आईला काकी म्हणतात, वहिनी म्हणतात. चुलत भावंडांचं ऐकून तेच तोंडी बसतं. माझ्या स्वतःच्या आजोळी एक मामा आपल्या आईला बाई म्हणत असे. तेव्हा मी हे सहज सोडून दिलं.

माझी चौकशी दुसऱ्याच गोष्टीची चालली होती. तपासावं तर काही नाही, रिपोर्ट चांगले, आणि माणूस मात्र धड नाही, असे पेशंट मला रोज दिसायचे. त्यांची दुखणी सांगायची भाषाच निराळी. डोक्यात मुंग्या चालतात. काळजात लकलक होतं. अंगातून वाफा निघतात. मन उठून गेलंय. कॉलेजच्या पुस्तकात यातलं एकही लक्षण नव्हतं, म्हणून मी ती डायरीच्या मागच्या पानांवर उतरवून ठेवायला लागले. पारगावच्या एका ऊसवाल्याचे हात थरथरायचे, पण कारखान्याचा हंगाम संपला की. हंगामात, चार-चार रात्री झोप नसताना, हात एकदम स्थिर. मी त्याला दर वेळी विचारायची की हंगाम संपल्यावर नेमकं काय होतं, आणि तो दर वेळी म्हणायचा, "काय न्हाय व्हत, म्हनून तर."

याच्यावर माझ्याकडे इलाज दोनच. एक ताकदीचं इंजेक्शन, कारण सुई टोचल्याशिवाय आमच्याकडे कोणाला उपचार झाल्यासारखं वाटत नाही. आणि दुसरा म्हणजे पुण्याला मानसिक आजाराच्या डॉक्टरकडे जा असं सांगणं. हे सांगितलं की समोरचा ताडकन उठायचा. "म्हंजी येरवड्याला? मी काय येडा हाय का?" तो पेशंट मग माझ्या दारावरून जाताना मान वळवून जायचा.

दोन हजार साल उलटून गेल्यावर कधीतरी सरकारी पत्र आलं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात महिन्यातल्या ठरावीक मंगळवारी पुण्याहून मानसिक आजारांचे डॉक्टर येणार होते. तपासणी फुकट, गोळ्या फुकट. गावोगावच्या खासगी डॉक्टरांनी आपले पेशंट पाठवावेत म्हणून आम्हाला एका दिवसाचं प्रशिक्षण दिलं आणि छापील चिठ्ठ्यांचं एकेक पुस्तक दिलं. नाव, वय, गाव, काय त्रास, कधीपासून, सोबत येणाऱ्याचं नातं. खाली पाठवणाऱ्या डॉक्टरची सही. उलट बाजूला तिकडच्या डॉक्टरने उत्तर लिहायचं.

मी खूश झाले. डायरीच्या मागच्या पानांवरचे सगळे मला आठवले. महिनाभर मी एकामागून एक चिठ्ठ्या फाडल्या. मंगळवार गेला आणि एकही उत्तर आलं नाही. दुसरा मंगळवार गेला. सरकारी दवाखान्यातल्या नर्सला विचारलं तर ती म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडून कोणीच आलं नाही. डॉक्टर दिवसभर शेंगदाणे खात बसले होते."

मग त्या चिठ्ठ्या गेल्या कुठे? हे शोधायला मी कंपाउंडरभाऊंना लावलं. ते खोडदचे. गावाजवळ त्या प्रचंड दुर्बिणीच्या तबकड्या उभ्या राहिल्यापासून त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, की आभाळाच्या पार पल्याडचं ऐकू येतं पण शेजारच्या घरातलं नाय. त्यांनी मात्र शेजारच्या घरातलंही ऐकून आणलं. एका बाईने चिठ्ठी देव्हाऱ्यात देवाच्या फोटोमागे ठेवली होती, कारण डॉक्टरने एवढं निगुतीने लिहून दिलंय म्हणजे त्याचा गुण येणारच. ऊसवाल्याने ती शर्टाच्या खिशातच धुतली. बाकीचे सरकारी दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत फिरले होते.

"का परत फिरले?"

"मॅडम, चिठ्ठीवर वर काय छापलंय बगा की. मोठ्या अक्षरात 'मानसिक'. केसपेपरच्या खिडकीवर आपल्याच गावातला कोन तरी बसलेला असतो. त्यो वाचनार, मंग एसटीत बोलनार, आन मंग पोराचं लगीन मोडनार."

त्या दिवसापासून मी पट्टी लावून चिठ्ठीचा वरचा छापील मथळ्याचा बोटभर कागद फाडून टाकायला लागले. सरकारी कागद फाडतेय म्हणून मला जरा भीती वाटायची. पण मग दोघे-तिघे गेले आणि त्यांची उत्तरंही आली. पुण्याचे डॉक्टर बारीक, सुबक अक्षरात भरपूर लिहायचे. शेंगदाण्यांपेक्षा पेशंट बरे वाटत असावेत.

हे सगळं चालू असताना एका बाजाराला मावशी आल्या. म्हाताऱ्याचं झालं, जावेचं गुडघ्याचं झालं. मग त्यांनी पिशवीचं तोंड आवळलं. मी पुढच्या पेशंटला हाक मारणार तेवढ्यात म्हणाल्या, "घरात एकीला झोप लागत न्हाई."

"कोणाला?"

"हाय एक जन. जेवत बी न्हाई. रडती."

"कशी रडते?" मी विचारलं. इतक्या वर्षांत मलाच त्यांच्या नकलांची सवय लागली होती.

मावशींनी नक्कल केली नाही. हातातली पिशवी मांडीवर घट्ट धरून त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या. मला पहिल्यांदा त्यांची काळजी वाटली. पुष्कळ खोदून विचारल्यावर कळलं की ती त्यांची सून, पोतं घेऊन येणाऱ्या त्या लेकाची बायको. महिन्यापूर्वी बाळंत झालेली, मुलगी झालेली. मी म्हटलं, ही नक्कल करून चालणार नाही, तिला उद्याच्या उद्या खाली घेऊन या.

त्या दुसऱ्या दिवशी खरंच घेऊन आल्या. सून बावीस वर्षांची, डोक्याला फडकं बांधलेली, डोळे कोरडे. बाळ मावशींच्या मांडीवर होतं. ते रडलं तरी तिने मान वळवली नाही. मी मावशींना बाहेर बसवलं आणि तिला एकटीला विचारत गेले. बराच वेळ ती नुसती नखं कुरतडत होती. मग म्हणाली, "ती माजी वाटतच न्हाई. दुसऱ्याची कुनी तरी आनून ठेवल्यावानी वाटतं." आणि जरा वेळाने, आवाज न बदलता, "परवा पान्याला गेले तवा विहिरीशी लई येळ हुबी व्हते. मंग हंडा आठवला म्हनून आले."

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली. बाळंतपणानंतर बायकांना असं होतं, ते बरं होतं, त्यात तुझी काहीही चूक नाही, हे मी तिला सांगितलं. ती ऐकत होती की नव्हती कळलं नाही. मग मावशींना आत घेतलं. तिला एका क्षणासाठीही एकटीला सोडायचं नाही, पाण्याला पाठवायचं नाही, हे बजावलं. सुदैवाने मंगळवार तीन दिवसांवर होता. मी चिठ्ठी लिहिली, मथळा फाडला आणि मावशींच्या हातात दिली.

त्यांनी ती लगेच घेतली नाही. "हिचं नाव सरकारच्या वहीत लागनार?"

"लागेल. त्यानं काय होतं?"

"आन तिच्या म्हायारी कळलं, भावकीत कळलं, येडी हाय म्हनून, तर?"

"कोणाला कळत नाही हो मावशी. आणि कळलं तरी काय बिघडणार आहे?" मी म्हणाले. दवाखान्यात गर्दी होती. मी घाईत होते आणि हे उत्तर मी फार सहज दिलं.

मावशींनी चिठ्ठीची घडी घातली. अशी बारीक घडी मी त्यांना आधी कधी घालताना पाहिली नव्हती. घडीवर घडी करत त्यांनी तो कागद सुपारीएवढा केला आणि पिशवीत न ठेवता चोळीत खोचला.

मंगळवारी दुपारी चारच्या सुमाराला त्या दवाखान्यात हजर. एकट्याच. हातात गोळ्यांचं पाकीट आणि चिठ्ठी. "झालं बाई काम," म्हणाल्या. मला इतकं बरं वाटलं की मी कंपाउंडरभाऊंना त्यांच्यासाठी चहा सांगितला. सुनेला कोणाबरोबर घरी पाठवलं, असं विचारत मी चिठ्ठी उलटी केली.

पुण्याच्या डॉक्टरांनी नेहमीच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं. आपण पाठवलेल्या चिठ्ठीत बावीस वर्षांची बाळंतीण आहे. माझ्यासमोर आलेल्या बाई पन्नाशीच्या आहेत, मात्र आपलं वय बावीस असल्याचं आणि महिन्याभराचं बाळ अंगावर पीत नसल्याचं त्या ठामपणे सांगतात. मी त्यांना फक्त ताकदीच्या गोळ्या दिल्या आहेत. चिठ्ठीतल्या मुलीला विनाविलंब पाठवा. उद्या मी जुन्नरला बसतो, तिथे आणलंत तरी चालेल.

मी चिठ्ठी टेबलावर आपटली. "तुम्ही गेलात? तिच्या नावानं?"

"मंग? वाडीचं समद्यांचं मीच तर आनते." त्या खरोखर बुचकळ्यात पडल्या होत्या. "नाव सांगितलं बरोबर, गाव सांगितलं बरोबर. कसं रडती ते समदं दावलं. वहीत नाव लागलं तरी तोंड माजंच बगितलं ना त्यांनी? कुनी इचारलं तर मी म्हननार, माज्या सुनंला काय बी झाल्यालं न्हाई, मीच गेलती."

"आणि गोळ्या? त्या ताकदीच्या आहेत, कळतंय का? तो डॉक्टर काय आंधळा आहे?"

"ताकदीच्या?" मावशी संतापल्या. "आन मी येवढी रडले ती!"

मी काय काय बोलले ते आता आठवलं की लाज वाटते. ती पोर विहिरीवर जाऊन उभी राहते आणि तुम्ही नकला करत फिरता, असंही बोलले. कंपाउंडरभाऊ चहाचा कप घेऊन दारातच थबकले. मावशींनी मला बोलू दिलं. मी दम घ्यायला थांबले तेव्हा माझं लक्ष चिठ्ठीच्या तळाशी गेलं. तिथे आणखी दोन ओळी होत्या. 'ज्या बाई आल्या होत्या त्यांनाही पुन्हा पाठवा. त्यांनी सांगितलेलं सगळंच उसनं नव्हतं.'

हे मी मोठ्याने वाचलं. मावशींनी चिठ्ठी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग त्यांनी विचारलं, "कसं वळखलं ओ त्यानं?"

मला माहीत नव्हतं. मलाच ते जाणून घ्यायचं होतं. मी दवाखान्याचं दार लोटून घेतलं आणि त्यांना काय झालं ते सांगायला लावलं.

"पयलं तिचंच सांगत व्हते," मावशी म्हणाल्या. "झोप न्हाई, भूक न्हाई. त्यो मानूस मधी बोलतच न्हाई, नुसता ऐकतो. मंग म्हनला, बाळ रडलं की काय वाटतं? आता ह्ये काय मी सुनंला इचारल्यालं नव्हतं. पन माज्या तोंडातून आलं, की कान झाकून पळून जावं वाटतं. आन मंग थांबंनाच. कुनाचं सांगतीय त्ये माजं मलाच कळंना."

त्यांना पहिला मुलगा झाला तेव्हा हेच झालं होतं. कोणाला काही समजलं नाही. बाहेरचं झालंय म्हणून भगताकडे नेलं, धुऱ्या दिल्या, खांबाला बांधून ठेवलं. मग बाळाला धोका नको म्हणून बाळ मोठ्या जावेच्या ओटीत घातलं आणि यांना माहेरी पाठवलं. माहेरी त्या आपल्या आपण हळूहळू बऱ्या झाल्या. दोन वर्षांनी वडिलांनी परत आणून सोडलं.

"आले तवा त्यो आंगनात खेळत व्हता. मी हात पुढं केलं तर जावेच्या मागं दडला. जाऊ म्हनली, आरं ही तुजी आई. पन त्येनं तिलाच घट धरलं. तिचा बी काय दोस न्हाई, तिनंच तर वाढावला. मंग मला काकी म्हनायला लागला. आजून काकीच म्हनतो."

इतकी वर्षं मी ती हाक माझ्या दवाखान्याच्या दारात ऐकली होती आणि एकत्र कुटुंबाची पद्धत म्हणून सोडून दिली होती. नको तिथे नाक खुपसणारी मी, इथेच गप्प राहिले होते. मला फार वाईट वाटलं, आणि मघाशी ओरडल्याचं त्याहून जास्त.

"हिचं बी तसंच करतील," मावशी म्हणाल्या. "येडी म्हनलं की पोर काडून घ्येत्यात. मंग ती बरी झाली तरी काय उपेग?"

तेव्हा मला कळलं की वहीत नाव लागेल का हा प्रश्न त्यांनी किती पोटतिडकीने विचारला होता, आणि मी त्याला काय उत्तर दिलं होतं. मी म्हटलं, जुन्नर दुसरा तालुका आहे. तिथे तुमच्या वाडीला ओळखणारं कोणी नाही. उद्या मी दवाखाना बंद ठेवते. तुम्ही, सून, बाळ आणि मी, चौघी जाऊ. नाव तिचंच सांगायचं.

"आन पोर?"

"पोर आईच्याच मांडीवर राहील. हे मी डॉक्टरांकडून तुमच्यासमोर वदवून घेते."

दुसऱ्या दिवशी आम्ही जीपने जुन्नरला गेलो. खिडकीवरच्या माणसाने मान वर न करता नाव लिहून घेतलं. मावशी माझ्या दंडाला धरून उभ्या होत्या. त्या लेखणीकडे अशा बघत होत्या की ती आता चावेल. पुण्याचे डॉक्टर साठीला आलेले, साधे गृहस्थ निघाले. सुनेला त्यांनी जवळजवळ तासभर आत घेतलं. मावशी दिसल्यावर फक्त हसून म्हणाले, "आज वय किती?"

मग त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, बाळाला दूध पाजलं तरी चालतील अशा. एकटं सोडायचं नाही, काही कमीजास्त वाटलं तर मंगळवारची वाट न बघता यायचं, हे सांगितलं. आणि मी न विचारताच मावशींकडे वळून म्हणाले, "बाळाला हिच्यापासून वेगळं करू नका. तुम्ही जवळ बसा, पण बाळ हिच्याकडेच द्या."

मावशींनी ते शब्दन् शब्द वाडीत जाऊन करून दाखवलं. डॉक्टरच्या आवाजात, चष्मा पुसायच्या लकबीसकट. भावकीतल्या कोणाची त्याच्यापुढे बोलायची टाप झाली नाही. बाळ हलवायचा विषय निघालाच होता, पण तिथल्या तिथे बारगळला.

यातून मला एक युक्ती सापडली. जुन्नरच्या बाजूला माझ्या ओळखीचे एक डॉक्टर होते. त्यांचंही चिठ्ठ्यांचं पुस्तक तसंच पडून होतं. आम्ही ठरवलं की माझे पेशंट मी त्यांच्या तालुक्यात पाठवायचे आणि त्यांनी त्यांचे आमच्याकडे. लोक तासभराचा जादा प्रवास आनंदाने करायचे, कारण खिडकीवर ओळखीचं कोणी नसायचं. सरकारी कार्यालयातून एकदा विचारणा झाली की हद्द सोडून पेशंट का पाठवता. मी नम्रपणे कळवलं की रस्ता सोयीचा आहे. तो अजिबात सोयीचा नव्हता. ऊसवालासुद्धा तिकडे जायला तयार झाला, फक्त हात थरथरायला लागायच्या आधी, म्हणजे हंगाम संपायच्या आतच, त्याला पाठवायचं हे मला उशिरा सुचलं.

सून सहा-सात महिन्यांत सावरली. मधे एकदा गोळ्या बंद करून पुन्हा घसरली, पुन्हा सुरू केल्या. एका बाजाराला ती स्वतः खाली आली, कडेवर मुलगी. मुलीच्या हाती माझा स्टेथोस्कोप लागला आणि ती तो सोडेना, तर सून वैतागून म्हणाली, "लई हट्टी हाय माजी पोर." मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी पटकन केसपेपरमध्ये डोकं घातलं.

त्या दिवशी सून बाहेर गेल्यावरही मावशी उठल्या नाहीत. "बाई," म्हणाल्या, "त्या डाक्टरनं लिवलं व्हतं ना, मला बी परत धाडा म्हनून. येक चिठ्ठी माज्या नावाची लिवा. रातचं आजून बाळ रडल्यालं ऐकू येतं. घरात बाळ नव्हतं तवा बी येत व्हतं."

मी पुस्तक ओढलं. नाव लिहिलं. इतक्या वर्षांत त्यांचं पूर्ण नाव मी पहिल्यांदाच लिहीत होते. वय पन्नास. काय त्रास, ते त्यांच्याच शब्दांत लिहिलं. कधीपासून, या रकान्यापाशी थांबले आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"लेक झाला तवापासून," त्या म्हणाल्या. लेकाला तेव्हा सव्विसावं चालू होतं.

सोबत येणाऱ्याचं नातं, हा रकाना मी मोकळा ठेवला. त्यांना एकटीला पाठवू नये एवढंच सुनेला बोलावून सांगितलं. चिठ्ठीची घडी कशी घालायची ते मावशींना सुचेना. शेवटी त्यांनी ती तशीच, उघडी, दोन्ही हातांत धरून नेली.

जुन्नरच्या पुढच्या बुधवारनंतरच्या बाजाराला त्या आल्या तेव्हा दवाखान्यात पाच-सहा पेशंट बसले होते. त्या कोणालाही न जुमानता थेट आत आल्या. मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? तर हातानेच 'ते राहू द्या' म्हणाल्या आणि स्टुलावर न बसता उभ्या राहिल्या.

"खिडकीवर गेलो. लेक व्हता संगं. त्यो खिडकीतला मानूस माजं नाव लिवतो, गाव लिवतो, आन मंग त्येला इचारतो, तू कोन लागतो हिचा?" मावशींनी खिडकीतल्या माणसाचा अनुनासिक आवाज हुबेहूब काढला. मग त्यांनी खांदे रुंद केले, मान जरा खाली घातली, आणि आपल्या लेकाच्या घोगऱ्या, लाजऱ्या आवाजात म्हणाल्या, "मुलगा."

एवढं बोलून त्या थांबल्या. पदर तोंडाला लावला, काढला, पुन्हा खांदे रुंद केले.

"मुलगा," त्यांनी पुन्हा करून दाखवलं. "असं म्हनला बगा."

बाहेर ताटकळलेलं कोणीतरी कुरकुरत होतं. मी कंपाउंडरभाऊंना दार लावायला सांगितलं आणि मावशींना म्हटलं, अजून एकदा दाखवा.